बघून वाजवणं आणि वाचून ऐकणं

सिल्वासात संगीताचा वर्ग चालवायचा म्हणजे एकाच सतरंजीवर दोन परीक्षांची मुलं घेऊन बसायचं. यार्नच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यांमुळे इथे नाशिक-जळगावपासून केरळ-ओडिशापर्यंतची माणसं नोकरीला आली. त्यांची काही मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक-प्रवेशिकेला बसतात. काहींच्या आयांना पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षेचं, म्हणजे ‘ट्रिनिटीचं कीबोर्ड’च हवं असतं. त्यामुळे माझ्याकडे पेटी आहे तसा कीबोर्डही आहे. कपाटात भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं आहेत आणि त्यांना खेटून पाच रेघांची पाश्चात्त्य पुस्तकं.

या दोन गठ्ठ्यांमध्ये बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली. कागद तोच असला, तरी तो पहिल्यांदा बघून तिथल्या तिथे वाजवणं हे एक काम आहे आणि तो शांतपणे वाचून सगळं संगीत मनात ऐकणं हे दुसरं. पहिलं ते साइट रीडिंग, दुसरं स्कोअर रीडिंग. आपल्याकडे दोन्हींना मिळून ‘नोटेशन येतं’ असं म्हणून विषय संपवतात, आणि मग हुशार मुलं नको तिथे अडतात. त्याबद्दलचे हे अनुभव.

१. एकात थांबायला बंदी, दुसऱ्यात पळायला

न पाहिलेलं पान मुलापुढे ठेवलं की हमखास काय होतं? तिसऱ्या बारमध्ये बोट चुकतं, मूल थांबतं, ‘सॉरी ताई’ म्हणतं, मागे जातं, दुरुस्त करतं आणि पुढे निघतं. मुलाच्या दृष्टीने हा प्रामाणिकपणा. साइट रीडिंगमध्ये मात्र याच्याइतका मोठा दोष दुसरा नाही. चुकलेला स्वर गेला तो गेला, लय चालू राहिली पाहिजे. पंगतीत एखाद्या पानावर भात कमी पडला म्हणून वाढपी तिथेच अडून राहत नाही, त्याला पुढची पानं गाठायची असतात. तसंच हे.

स्कोअर रीडिंगमध्ये हाच नियम उलटा होतो. तिथे थांबायचंच असतं. हा स्वर इथे का आला, याच्या खाली दुसरं वाद्य काय करतंय, ही जागा मघाशी येऊन गेली का, गेली असेल तर आता तिच्यात काय बदललं? एका ओळीवर पंधरा मिनिटं गेली तरी चालतील.

गंमत म्हणजे बहुतेक विद्यार्थी दोन्हीकडे नेमकं उलटं वागतात. नवीन पान बघून वाजवताना अडखळत, दुरुस्त्या करत जातात आणि महिनाभर बसवायची बंदिश पहिल्या दिवसापासून भरधाव वाजवत सुटतात.

२. अर्धं मिनिट पुष्कळ असतं

ट्रिनिटीच्या परीक्षेत साइट रीडिंगचा तुकडा वाजवण्याआधी अर्धं मिनिट बघायला मिळतं. एवढ्यात काय होणार, असं मुलांना वाटतं आणि ती पहिल्या स्वरापासून एकेक स्वर ओळखायला लागतात. अर्धं मिनिट संपतं तेव्हा स्वारी दुसऱ्या बारमध्येच असते.

स्वर ओळखायला ही वेळ नसतेच. पट्टी कोणती, म्हणजे किती शार्प किंवा फ्लॅट आहेत, ते आधी बघायचं. मग ताल. मग डोळे पानभर फिरवून सगळ्यांत दाट, काळी दिसणारी जागा हुडकायची. ती जागा ज्या लयीत झेपेल, ती आख्ख्या तुकड्याची लय. बहुतेक मुलं पहिल्या सोप्या ओळीवरून लय धरतात आणि तिसऱ्या ओळीत आपटतात. शेवटी टाळी देऊन फक्त लय म्हणून बघायची, स्वर नाहीत.

वाजवायला लागल्यावर डोळे हाताच्या पुढे हवेत. मी पोस्टकार्डाएवढा जाड कागद घेते आणि मूल जो बार वाजवतंय तोच झाकून टाकते. पहिल्यांदा सगळी कासावीस होतात, ‘ताई, दिसत नाही’ म्हणून तक्रार करतात. न दिसणंच हवं असतं. जॉन स्लोबोडा या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हे मोजून पाहिलं होतं. वाजवता वाजवता अचानक पान दिसेनासं केलं, तर चांगला वाचणारा त्यापुढचे सातेक स्वर बरोबर वाजवू शकतो, कच्चा वाचणारा तीन-चार. म्हणजे डोळ्यांनी तेवढं आधीच उचलून ठेवलेलं असतं. आणि तेही सुटे सुटे स्वर म्हणून नव्हे, तर ओळखीचे पुंजके म्हणून. ‘सा ग प’ हे तीन स्वर वाचावे लागले, तर तुम्ही अजून अक्षरं जुळवताय. एका नजरेत तो ‘सा ग प’ दिसला पाहिजे.

३. चांगल्या वाचणाऱ्याला छपाईची चूक दिसत नाही

हा किस्सा मी पालकांनाही सांगते. अमेरिकेतले पियानोवादक आणि ऑपेराचे जाणकार बोरिस गोल्डोव्स्की यांच्याकडे एक विद्यार्थिनी ब्राम्सचा एक कॅप्रिचिओ, ओपस ७६ मधला दुसरा, वाजवून दाखवत होती. मुलगी वाचनात यथातथाच. एका जागी तिने भलताच स्वर वाजवला. सरांनी थांबवलं, दुरुस्त कर म्हणाले. तिने पानाकडे बघितलं आणि पुन्हा तोच स्वर वाजवला. सरांनी जवळ जाऊन पाहिलं, तर पुस्तकात तसंच छापलेलं! छपाईचीच चूक होती.

मग गोल्डोव्स्कींनी उलटा प्रयोग केला. साइट रीडिंगमध्ये तयार असलेल्या वादकांना सांगितलं, या रचनेत कुठेतरी एक चूक छापली आहे, हवं तितक्या वेळा वाजवा आणि शोधा. कुणालाच सापडली नाही. कारण ती मंडळी पानावर काय आहे ते वाचत नव्हती. तिथे काय असायला हवं ते वाजवत होती. ब्राम्सची भाषा अंगात मुरलेली असल्यामुळे हात आपोआप बरोबर स्वरावर पडत होता.

आमच्या वर्गात याचा देशी अवतार झेरॉक्सच्या रूपाने येतो. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेलं की आधी ही रेघच उडते. एकदा बागेश्रीची बंदिश अशाच चौथ्या-पाचव्या पिढीच्या कागदावर माझ्यासमोर आली. मध्यमा परीक्षा झालेल्या मुलांनी ती गायली, एकदम शुद्ध बागेश्री, गंधार-निषाद जिथल्या तिथे कोमल. कागदावर दोन गंधारांखालची रेघ गायब आहे, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. एक नवा मुलगा, केरळचा, बागेश्री कधी न ऐकलेला, त्याने मात्र त्या दोन जागी शुद्ध गंधार लावला आणि सगळी त्याच्याकडे वळून हसली. कागद वाचला होता तो त्याने एकट्याने.

पण त्याचं वाचन श्रेष्ठ आणि बाकीच्यांचं कनिष्ठ, असं नाही. साइट रीडिंग जगतंच मुळी अंदाजावर. पुढे काय येणार याचा अंदाज नसेल, तर वेग येणार कुठून? ज्या मुलाने भरपूर ऐकलंय तोच बघून झटपट वाजवू शकतो. म्हणून ‘साइट रीडिंग सुधारायला काय करू?’ असं विचारणाऱ्याला मी आधी ऐकायला सांगते. स्कोअर रीडिंगला मात्र अंदाज मुद्दाम बाजूला ठेवावा लागतो. माहीत असलेला बागेश्री क्षणभर विसरून, या बंदिशीत या माणसाने काय लिहिलंय ते बघायचं. ते जमल्यावर मग शंका घ्यायची, की ही चूक आहे की कर्त्याची मुद्दाम ठेवलेली जागा?

४. स्टुडिओतल्या गोवेकरांकडे फक्त आपली ओळ असायची

साइट रीडिंग हे पोट भरण्याचं कौशल्य आहे, आणि आपल्या भागात ते कुणी सिद्ध केलं असेल तर गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फेजो, म्हणजे स्वर वाचून म्हणणं, लहानपणीच शिकवत. व्हायोलिन हातात यायच्या आधी पाच रेघा डोळ्यांत बसायच्या. तीच मुलं मोठी होऊन मुंबईला आली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून हिंदी सिनेमात शिरली. संगीतकार चाल पेटीवर ऐकवायचा. सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखा अरेंजर ती पाच रेघांवर उतरवायचा, वाद्यवृंदात वाटून द्यायचा. मग ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा महालक्ष्मीच्या फेमसमध्ये तासा-दोन तासांपूर्वी हातात पडलेला कागद वाचून पन्नास-साठ वादक एकदम वाजवायचे.

तो कागद म्हणजे पार्ट. त्यावर त्या एका वाद्याचीच ओळ. दुसऱ्या व्हायोलिनवाल्याला पहिल्याच्या पानावर काय आहे ते दिसत नसे, गाण्याचे शब्दही बहुधा नसत. चौदा बार गप्प बसायचं, पंधराव्याला चार स्वर वाजवायचे, पुन्हा गप्प. ते चार स्वर ज्याच्या डोक्यात गाण्याशी जुळत होते, असा माणूस त्या हॉलमध्ये एखादाच, आणि त्याच्यापुढे सगळ्या ओळी असलेला स्कोअर असायचा.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि पुढे १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात गुरूचं नाव ठेवून गेले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला त्यातला महत्त्वाचा भाग वेगळा वाटतो. प्यारेलाल स्वतः स्टुडिओत रांगेत बसून पार्ट वाजवणारे वादक होते आणि पुढे स्कोअर लिहिणारे झाले. नुसतं बघून वाजवण्याच्या जोरावर ही खुर्ची बदलत नाही. रांगेतली कित्येक माणसं, वाचनात एकाहून एक तयार, आयुष्यभर दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेतच राहिली. त्यात कमीपणा काही नाही. गाणी त्यांच्यामुळेच उभी राहिली, हे आपण फार उशिरा मान्य केलं, एवढंच.

५. एकदा स्कोअर हातात घेऊन नुसतं बघावं

कीबोर्डची मुलं जरा मोठी झाली की मी बीथोवनच्या पाचव्या सिंफनीचं पहिलं पान छापून आणते. ‘ट ट ट टाऽ’ सगळ्यांना येतं, मोबाइलवर ऐकलेलं असतं. आधी विचारते, ही सुरुवात कोण वाजवतं? ‘सगळे!’ असं एका सुरात उत्तर येतं. मग पान दाखवते. सगळ्यांत वर बासरी, खाली ओबो, क्लॅरिनेट, बॅसून, हॉर्न, ट्रंपेट, नगारे आणि तळाशी तंतुवाद्यं. पहिल्या बारमध्ये स्वर आहेत ते फक्त तळाच्या ओळींत आणि वरच्या क्लॅरिनेटच्या ओळीत. बाकी सगळे विरामाचं चिन्ह लावून बसलेत.

पहिलं चिन्ह तर स्वराचंही नाही. आधी अर्ध्या मात्रेचा विराम आहे, मग तीन स्वर. म्हणजे हा ‘ट’ जागेवर पडत नाही, जागा सोडून पडतो. आपल्याकडे समेनंतर अर्धी मात्रा सोडून उचललेली तान कशी धक्का देते, तसा हा धक्का आहे. आणि लांब धरायचा स्वर दोनदा येतो, त्यात दुसरा पहिल्यापेक्षा एका बारने मोठा लिहिलाय. इतक्यांदा ऐकून हे कुणाला कळलेलं नसतं. कानाला जे एकसंध वाटतं ते कागदावर उलगडतं, ही स्कोअर रीडिंगची खरी मजा.

त्यात अडचणीही आहेत. क्लॅरिनेटची ओळ लिहिली असते एका पट्टीत आणि ऐकू येते एक स्वर खाली. व्हायोलाची खूण वेगळीच. काळी एकमध्ये बसवलेलं गाणं काळी चारमध्ये गाणाऱ्याच्या साथीला पेटीवर वाजवणारी मंडळी हे हिशेब मनातल्या मनात रोज करतात, त्यामुळे आपल्या मुलांना याची भीती वाटायचं कारण नाही. भीती पानाच्या गर्दीची असते. मी एका वेळी दोनच ओळी वाचायला लावते, सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत खालची.

६. क्रमिक पुस्तक ही आठवणवही नाही

आता आपल्या घरच्या कागदाकडे येते, कारण खरं नुकसान इथे होतंय.

विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. त्यांनी देशभर फिरून घराण्यांच्या तिजोऱ्यांतल्या हजारावर बंदिशी कागदावर आणल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत, मूळ मराठीत, छापल्या. आपण त्या पुस्तकांचं काय करतो? गुरुजींनी शिकवलेली बंदिश विसरू नये म्हणून पान उघडतो आणि आठवली की मिटतो. न शिकवलेली बंदिश पुस्तकावरून उचलणारा विद्यार्थी मला क्वचित भेटलाय. बरोबरच आहे, हिंदुस्थानी संगीतात साइट रीडिंगची गरज कुणाला पडते? मैफलीत समोर कागद ठेवून कुणी गात नाही. पण त्यामुळे वाचून ऐकण्याची सवयही लागली नाही.

वाचायचं कसं, ते आमच्या वर्गातल्या पद्धतीने सांगते. पेटी बंद. तीनतालातली मध्यलयीची बंदिश घ्यायची. गुणिलेच्या खुणेवर बोट ठेवायचं, ती सम. समेवर कोणतं अक्षर आणि कोणता स्वर आहे? त्या एका घरात बंदिशीचा निम्मा स्वभाव कळतो. मग मुखडा कुठून उठतो ते बघायचं. शून्यापासून, म्हणजे खालीपासून उठत असेल, तर समेवर यायला आठ मात्रा मिळतात. बाराव्या मात्रेपासून उठत असेल, तर घाई असते आणि ती घाई गाण्यात दिसली पाहिजे. मग स्थायी किती खाली जाते, अंतरा तार षड्जावर कोणत्या वाटेने चढतो. स्वरांखाली चंद्रकोर असेल, तर तेवढे स्वर एका मात्रेत कोंबलेत. एवढं झाल्यावर मांडीवर ठेका धरून तोंड बंद ठेवून एक आवर्तन मनात फिरवायचं. मनातल्या मनात कुठे अडखळायला झालं तर ती जागा अजून वाचलेली नाही.

काही खुणा बघून वाजवणाऱ्याला हमखास चकवतात. कंसातला पंचम हा एकटा पंचम नसतो, ‘ध प म प’ असा चार स्वरांचा वळसा असतो. कीबोर्डवर पटकन वाजवणारं मूल एक पंचम दाबून पुढे जातं. शिवाय भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर, या दोन विष्णूंनी आपापल्या खुणा ठरवल्यामुळे अजून एक सापळा आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र! तारासाठी तिथे उभी रेघ. भातखंड्यांची सम गुणिलेच्या चिन्हाने, पलुस्करांची खाली अधिकच्या चिन्हाने. जुन्या पुस्तकाचा कागद पिवळा पडला की गुणिले आणि अधिक यांत फरक करायला भिंग लागतं. पुस्तक उघडल्यावर आधी पद्धत कोणाची ते पाहावं, मग तोंड उघडावं.

आणि जे लिहिलेलंच नाही ते? दरबारीचा गंधार कागदावर रेघेसकट कोमल ‘ग’ म्हणून बसलेला असतो, निमूट. त्याचं आंदोलन कागदावर उतरत नाही. भातखंड्यांनी सांगाडा दिला, मांस गुरूकडून घ्यायचं होतं. स्कोअर वाचणाऱ्याला कागदावरच्या स्वरांसारख्या या रिकाम्या जागाही दिसायला हव्यात. ज्याला त्या दिसत नाहीत तो दरबारी गाताना अडाण्याच्या अंगणात जाऊन उभा राहतो.

७. सोपं दिसणारं पान अवघड असू शकतं

सिल्वासात सुधीर फडके हे नाव आधी स्वातंत्र्यसैनिक म्हणून घेतलं जातं. २ ऑगस्ट १९५४ ला पोर्तुगीजांच्या हातून सिल्वासा सोडवणाऱ्या तुकडीत फडके, म्हणजे आपले बाबूजी, होते. त्या लढ्याला पैसा उभा करायला पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रमही झाला होता. दर वर्षी २ ऑगस्टला मुक्तिदिन असतो, शाळांमध्ये गाणी बसवतात, आणि आयत्या वेळी ‘ताई, नोटेशन द्या ना’ म्हणून फोन येतात.

मुक्तीनंतर वर्ष व्हायच्या आत, १ एप्रिल १९५५ ला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, दर आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. यातलं पहिलं गाणं भूपात आहे. पाचच स्वर, मध्यम-निषाद नाहीत, चढ-उतार सरळ. साइट रीडिंगसाठी याहून सोपं पान मिळणार नाही. प्रारंभिकची मुलं ते पहिल्या फटक्यात वाजवतात, एकही स्वर चुकत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अयोध्या सोडाच, वापीचा स्टँडही उभा राहत नाही.

अशा पानाचं स्कोअर रीडिंग शब्दांपासून करावं लागतं. आधी पेटी बाजूला ठेवून कविता मोठ्याने वाचायची, वाक्य कुठे संपतं तिथे पेन्सिलने रेघ. मग स्वरांच्या ओळीत तीच रेघ कुठे पडते ते बघायचं. श्वास तिथेच घ्यायचा, मात्रा रिकामी दिसली म्हणून भलतीकडे नाही. मग एकेक जोडाक्षर. बाबूजींच्या गाण्यात जोडाक्षराचं वजन कोणत्या मात्रेवर येतं ते ध्वनिमुद्रिका लावून, कागदावर बोट फिरवत ऐकायचं. कागद आणि कान दोन्ही उघडे ठेवून ऐकणं, हा स्कोअर रीडिंगचा सगळ्यांत सुखाचा प्रकार. पाच स्वरांच्या त्या गाण्याला मोठ्या मुलांचेही दोन-तीन तास सहज जातात.

८. वापरलेलं पान पुन्हा साइट रीडिंगला चालत नाही

हा नियम साधा, पण खर्चाचा. एकदा वाजवलेलं पान साइट रीडिंगसाठी संपलं. दुसऱ्यांदा वाजवलं की ती तयारी. त्यामुळे या कामाला भरपूर, सोपी आणि नवी पानं लागतात, आपल्या इयत्तेपेक्षा दोन पायऱ्या खालची. मी जुनी पुस्तकं मिळतील तिथून उचलते, मुंबईला गेले की फोर्टमधल्या फुटपाथवरून, ओळखीच्यांच्या माळ्यांवरून. मुलांना आपापसांत पुस्तकं बदलायला लावते. स्कोअर रीडिंगला मात्र एकच चांगलं पान महिनाभर पुरतं. पालकांना हा हिशेब पटवताना नाकी नऊ येतात. एका पुस्तकातलं रोज एकच पान का, आणि दुसरं पुस्तक आठवड्यात संपवून नवीन का आणायचं?

९. काही संगीताला पानच नसतं

भात कापून झालं की खानवेल, दुधनीकडच्या पाड्यांवर तारपा वाजायला लागतो. सुका भोपळा, त्यात बसवलेल्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो आणि त्याच्याभोवती फेर धरलेल्यांचे पाय चाल बदलली की तत्क्षणी बदलतात. त्यांच्यापुढे कागद कधी आलाच नाही. तरी पुढची चाल येण्याआधी पाय तयार असतात, हे मी जवळ उभी राहून पाहिलंय. वर सांगितलेले स्लोबोडांचे सात स्वर मला तिथे आठवले. डोळ्यांऐवजी तिथे कान पुढे धावत असतात.

शहरातल्या आदिवासी संग्रहालयात मुलांना घेऊन गेले तेव्हा ‘ताई, याचं नोटेशन करा’ असा आग्रह झाला. मी करत नाही. तारप्याचे स्वर पेटीच्या पट्ट्यांच्या अधेमधे पडतात. ते पट्टीवर ओढून लिहिलं, तर पुढची पिढी ते पेटीसारखंच वाचेल. ध्वनिमुद्रण करून ठेवावं, ते पुरेसं आहे.

१०. दोन्हींची वेळ वेगळी ठेवा

माझ्या वर्गात सुरुवातीची दहा मिनिटं न पाहिलेलं पान. वाजवायचं, न थांबता, आणि बाजूला ठेवायचं, त्यावर चर्चा नाही. नंतर तयारीची रचना. आणि शनिवारी अर्धा तास सगळी वाद्यं बंद, प्रत्येकापुढे एक पान, हातात पेन्सिल. परीक्षेला कोण काय देणार त्यावर याचं प्रमाण थोडं बदलतं. ट्रिनिटीवाल्यांची दहा मिनिटं वीस होतात, गांधर्ववाल्यांचा शनिवार लांबतो. पण एका बैठकीत एकाच पानावर दोन्ही मी होऊ देत नाही.

शनिवारचं हे वाचन सुरू केलं त्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या गुजराती आजी एकदा जिन्यात भेटल्या. त्यांची नात माझ्याकडेच येते. ‘बेन, शनिवारी क्लास बंद ठेवता का? आवाजच येत नाही. फी तर पूर्ण महिन्याची घेता.’ मी त्यांना स्कोअर रीडिंग समजावून सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच विचारलं. आता शेवटची पाच मिनिटं आम्ही दार उघडं ठेवून सगळे मिळून भूप वाजवतो.